कंकमुख ते मॉस्किटो: फोर्सेप्सची पार्श्वभूमी

शस्त्रक्रिया चालू असताना सर्जन हात पुढे करून नुसतं ‘आर्टरी’ म्हणतो, आणि तळहातावर कात्रीसारखं दिसणारं पण धार नसलेलं हत्यार पडतं: आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा. कड्यांच्या जरा वर दातेरी खाचा असतात. दाबलं की कट्-कट् करत त्या एकमेकींत अडकतात. मग हात काढून घेतला तरी पकड सुटत नाही. ही खाच रुळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधीचा चिमटा मुख्यतः उपसून काढण्यासाठी होता.

सुश्रुतसंहितेतली स्वस्तिकयंत्रं त्याच कामाची. एकूण 24, लांबी 18 अंगुळे, दोन्ही पाती मसुराच्या आकाराच्या खिळ्याने जोडलेली. सिंह, लांडगा, कावळा अशा पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून त्यांची नावं पडली. हाडात रुतलेलं शल्य, म्हणजे बाणाच्या टोकासारखी वस्तू, त्यांनी ओढून काढायचं. कातडी-मांसातल्या शल्यासाठी 16 अंगुळांचे संदंश, म्हणजे साधे चिमटे. सगळ्यांत श्रेष्ठ कंकमुख, म्हणजे बगळ्यासारख्या पक्ष्याची चोच: ते सहज आत जातं, सहज बाहेर येतं आणि घट्ट धरतं. चांगल्या फोर्सेप्सची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही.

धरून ठेवण्याची गरज रक्तस्रावामुळे आली. पाय कापल्यावर जखमेला तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची रीत होती. फ्रेंच सर्जन आंब्रवाझ पारे याने 1552 मध्ये त्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. वाहिनी पकडायच्या त्याच्या चिमट्याचं नाव होतं ‘कावळ्याची चोच’.

बाळाचं डोकं धरून बाहेर ओढायच्या, प्रसूतीच्या फोर्सेप्सची गोष्ट निराळी, आणि थोडी लाजिरवाणी. इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने ते शंभरेक वर्षं गुपित म्हणून राखले, त्यावर पैसा केला. त्यांच्या एसेक्समधल्या जुन्या घरात 1813 साली जमिनीच्या फळ्यांखाली ती हत्यारं सापडली.

1846 मध्ये ईथरची भूल आली आणि सर्जनला घाई करण्याचं कारण उरलं नाही. पोट उघडून अंडाशयाच्या गाठी काढता येऊ लागल्या; पण तिथे एकाच वेळी कितीतरी ठिकाणांहून रक्त येतं, आणि प्रत्येक वाहिनी धरायला हात आणायचे कुठून? स्ट्रासबुर्गचा कोबेर्ले, पॅरिसचा पेआं आणि लंडनचा स्पेन्सर वेल्स हे तिघेही याच शस्त्रक्रिया करणारे. खाचांच्या फोर्सेप्सचा सर्रास वापर 1860 नंतर त्यांच्याच हातून सुरू झाला. आधी कोणी केला, यावरून कोबेर्ले आणि पेआं चांगलेच भांडले. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली: बारीक वाहिनी काही वेळ चिरडून धरली, तर पुष्कळदा दोरा न बांधताही रक्त थांबतं.

पुढे वाफेने निर्जंतुकीकरण सुरू झालं, तशा लाकडी आणि हस्तिदंती मुठी गेल्या. आख्खं हत्यार धातूचं झालं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा सर्जन कोखर याने टोकाला दात दिले. त्यामुळे पकड निसटत नाही, पण उती फाटते. म्हणून आतड्याला हा लावायचा नाही, तिथे गोलसर, बिनदाती बॅबकॉक फोर्सेप्स.

पशुपक्ष्यांच्या जागी सर्जनांची नावं आली खरी, पण पुरती नाही. अगदी बारीक वाहिन्यांसाठी अमेरिकन सर्जन हॅल्स्टेडने वापरात आणलेला लहान फोर्सेप्स ‘मॉस्किटो’ झाला, आणि कानात अडकलेला कापसाचा बोळा काढायला आजही मगरीच्या जबड्याचा ‘अ‍ॅलिगेटर’ लागतो.