टाकीतली जाळी आणि बाहेरचा फिल्टर

मे महिन्यात नाशिकहून इंदूरला परत येत होतो, खलघाटपर्यंत गाडी एकदम मस्त चालली, नर्मदा ओलांडली आणि भेरूघाटाचा चढ लागला तसा तिचा दमच गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी नुसते झटके, मग बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलो की परत नीट चालायची आणि थोडं वर गेलं की पुन्हा तेच. गाडी मामांची, २००५ची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. मामा सारखे म्हणत होते, अरे महिन्याभरापूर्वीच तर नवा पेट्रोल फिल्टर टाकलाय!

टाकला होता, पण अशा गाडीत पेट्रोलचे फिल्टर दोन असतात आणि बदललेला फक्त बाहेरचा. दुसरा टाकीच्या आत, पंपाच्या पायाशी मोज्यासारखा लटकलेला असतो, आपले मिस्त्री त्याला जाळी म्हणतात. सुदामानगरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पंप बाहेर काढला तर जाळी गंजाच्या गाळाने तपकिरी पडून पार चिकटलेली.

आता मजा बघा, ही जाळी जाडीभरडी असते, साधारण ५० ते १०० मायक्रॉन, आणि बाहेरचा फिल्टर, म्हणजे पंपाच्या नंतर येणारा धातूचा डबा, मात्र १० मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर अंदाज येईल. इतकं बारीक कशाला, तर इंजेक्टरच्या आतली सुई क्षणभर उचलली जाते आणि परत घट्ट बसते, तिच्या बैठकीत एक कण जरी अडकला तरी इंजेक्टर पूर्ण बंद होत नाही, ठिबकत राहतो, आणि भोकात अडकला तर फवारा वाकडा पडतो.

मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता, की मग बारीक फिल्टर आधीच लावला तर पंपही वाचेल ना? नाही वाचणार. पंप ढकलायला जबरदस्त असतो, ३ बार दाब सहज देतो, पण ओढताना त्याच्या हातात जास्तीत जास्त वातावरणाचा १ बारच असतो, त्यापेक्षा जास्त ओढताच येत नाही. त्यात पेट्रोल फार पटकन वाफ होणारं, ३८ अंशाला त्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या निम्म्याहून जास्त असू शकतो. म्हणजे पंपाच्या तोंडाशी अडथळा आला, दाब थोडा खाली गेला की पेट्रोल तिथेच उकळून बुडबुडे धरतं, आणि बुडबुडे ढकलून दाब तयार होत नाही. निमाडातल्या उन्हाने टाकी तापलेली, वर घाटाचा चढ म्हणजे पेट्रोलची मागणी जास्त, सगळं एकदम जुळून आलं. थांबल्यावर ओढ संपते, जाळीला चिकटलेला गाळ थोडा सुटतो, म्हणून गाडी परत चालायची. शिवाय पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे असं चालवत राहिलं की तोही जळतो. म्हणून ओढायच्या बाजूला भरड आणि ढकलायच्या बाजूला बारीक.

दुकानात गेलात तर तो स्वस्त पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर प्लीज घेऊ नका, तो कार्ब्युरेटरच्या पाव बार दाबासाठी असतो, ३ बारवर तो तडकू शकतो आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो. पाइप आणि क्लिपसुद्धा इंजेक्शनच्याच हव्यात. फक्त मायक्रॉन विचारूनही भागत नाही, पेट्रोल किती वाहू देतो तेही महत्त्वाचं. ८० च्या स्पीडला १६ चं ॲव्हरेज म्हणजे इंजिन तासाला ५ लिटर पितं, पण रिटर्न पाइप असलेल्या गाडीत पंप तासाला ८० लिटरच्या आसपास फिरवतो, उरलेलं टाकीत परत, म्हणजे ३५ लिटरची टाकी अर्ध्या तासात अख्खी फिल्टरमधून जाऊन येते! म्हणून आपल्या मॉडेलचाच घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि जुन्या टाकीत साचलेला चिकट थर सोडवतं, तो सगळा फिल्टरवरच येतो, त्यामुळे जुन्या गाडीत मी फिल्टर थोडा लवकरच बदलतो.

बाहेरचा फिल्टर बदलायचं काम इंजिन थंड असताना, उघड्यावर. पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, तरीही जोड सोडताना कापड धरा कारण थोडं पेट्रोल येतंच. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे. पेट्रोल कागदाच्या घड्यांच्या बाहेरून आत जातं, उलटा बसवला तर घड्या फुगून फाटायची भीती. बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू नका, इग्निशन दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करा म्हणजे लाइन भरते, आणि टॉर्चने प्रत्येक जोड बघा, ओलसरपणा दिसला तर तिथेच थांबा. बऱ्याच नवीन गाड्यांत सगळंच टाकीच्या आत असतं, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाड्यांत, पुढचा दाब शेकडो बारचा, तिथे घरी हात घालू नका.

जुना फिल्टर फेकायच्या आधी आगीपासून लांब, पेट्रोल आत शिरतं त्या तोंडाने पांढऱ्या वाटीत उलटा करा. तपकिरी गाळ आला तर टाकी गंजतेय, काळे कण म्हणजे बहुतेक आतून झिजणारं रबर, आणि तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. मामांच्या वाटीत तपकिरीच होतं, आता टाकी उतरवून धुवायची आहे.