‘सर्वाधिक खपाचे’ सॉफ्टवेअर : हा खप मोजतो कोण?

आमच्या सांगलीतील कार्यालयात हिशेबाचे सॉफ्टवेअर घेण्यासाठी येणारे आडते, बेदाण्याचे व्यापारी आणि दुकानदार बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो ‘सर्वांत जास्त कोणते खपते?’ हाच. जाहिरातीतील अशा दाव्यामागे कोणती मोजणी असू शकते, हे ग्राहकांना ठाऊक असावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात रेस्टन येथे 1991 साली ‘पीसी डेटा’ ही कंपनी सुरू झाली. दुकानांतून विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे आकडे गोळा करणे हे तिचे मुख्य काम होते. त्या काळी सॉफ्टवेअर खोक्यात भरून, फ्लॉपीवर आणि पुढे सीडीवर विकले जाई, आणि खोक्यावरील बारकोड गल्ल्यावर वाचला जात असल्याने प्रत्येक विक्रीची नोंद दुकानाच्या संगणकात आपोआप होत असे. या नोंदी दुकानांच्या साखळ्यांकडून मिळवायच्या, त्यांवरून अहवाल तयार करायचे आणि ते सॉफ्टवेअर कंपन्यांना विकायचे, असा हा व्यवसाय होता. पहिल्या दहांची क्रमवारी वर्तमानपत्रांत फुकट वाचायला मिळे. तपशिलाला मात्र पैसे पडत.

उत्पादक कंपनीने सांगितलेला आकडा आणि गल्ल्यावरचा आकडा यांत मोठे अंतर असू शकते. मार्केट यार्डात हळदीची आवक झाली म्हणजे सौदा झाला असे कोणी मानत नाही. त्याचप्रमाणे कंपनीने दुकानांकडे पाठवलेली खोकी म्हणजे विक्री नव्हे, कारण न खपलेला माल परतही येतो. बाहेरच्या संस्थेने केलेल्या मोजणीचे खरे मोल येथे आहे.

2001 मध्ये ‘पीसी डेटा’चे विक्रीमोजणीचे काम ‘एनपीडी’ या स्पर्धक समूहाकडे गेले. हा समूह पुढे ‘आयआरआय’ या दुसऱ्या संशोधन कंपनीशी एकत्र आला आणि 2023 पासून ‘सर्काना’ या नावाने ओळखला जातो.

या मोजणीच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. नव्या संगणकासोबत आलेले सॉफ्टवेअर, कंपनीने कार्यालयांना थेट दिलेले परवाने आणि चोरून उतरवलेल्या प्रती गल्ल्यावर दिसत नाहीत. त्यातच विक्री इंटरनेटवरून होऊ लागल्यावर खोकेच नाहीसे झाले. आज वार्षिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा ग्राहक आणि नूतनीकरण करणारा जुना ग्राहक एकाच आकड्यात मिसळलेले असू शकतात, आणि आमच्या मते सर्वाधिक फसगत येथेच होते.

म्हणून एखाद्या कंपनीचा खपाचा दावा घेऊन आपण आमच्याकडे आलात, तर तो कोणी मोजला, कोणत्या देशातील आणि कोणत्या काळातील आहे, आणि त्यात नूतनीकरणे धरली आहेत का, हे आम्ही त्या कंपनीला लेखी विचारू व आलेले उत्तर खरेदीपूर्वी आपल्याला दाखवू. या चौकशीसाठी शुल्क आकारले जात नाही.