उदाहरणं गोदाकाठची, व्याख्या लांबच्या

नववी-दहावीच्या मराठीच्या वहीत एक पान ठरलेलं असतं. डावीकडं अलंकाराचं नाव, मधे व्याख्या, उजवीकडं उदाहरण. परभणीत आम्हीही ते पान पट्टीनं आखलं, आता घरातली पोर आखते. परवा ती व्यतिरेकाचं, म्हणजे उपमेय उपमानापेक्षा सरस ठरतं त्या अलंकाराचं, उदाहरण घोकत होती, 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा'. मी सहज विचारलं, हे कुणाचं? नामदेवांचं. नामदेव कुठले? पंढरपूरचे. उत्तर चूक म्हणता येत नाही, त्यांचं आयुष्य तिथंच गेलं. पण परंपरेनं त्यांचं गाव नरसी, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं. वहीतल्या उजवीकडच्या रकान्यात आपल्या शेजारचं गाव बसलंय, हे पोरीला ठाऊक नव्हतं. तिच्या वयात मलाही नव्हतं.

त्या पानाचे रकाने वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेत. नावं आणि व्याख्या संस्कृत शास्त्रातल्या. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढं भामह, दंडी, मम्मट अशी पंडितांची रांग लागली आणि सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या हाती आकडा शंभराच्या वर गेला. एवढी वर्गवारी कुणाला हवी होती, हा प्रश्न दहावीतल्या प्रत्येक पोराला पडतो आणि तो रास्तच आहे. उदाहरणांचं मूळ मात्र बऱ्याचदा गोदावरीच्या काठी सापडतं.

सुरुवात पैठणपासून करावी लागते, तेव्हाच्या प्रतिष्ठानापासून. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. गाथा सातशे, प्रत्येक दोन ओळींची. एक कोटी गाथांमधून या निवडल्या, असं संग्रहातच म्हटलंय. आकडा ऐकूनच कळतं की अतिशयोक्ती अलंकार तेव्हाही जोरात होता. संग्रहाचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला धरतात, पुढं त्यात भर पडत गेली. राजेरजवाडे यात फारसे नाहीत. शेतकरी, त्याची बायको, गावचा पाटील, परगावी गेलेला नवरा, पाऊस, नदीकाठची झाडी, असाच सगळा पसारा.

त्यातली एक गाथा जवळून बघण्यासारखी आहे. 'भम धम्मिअ वीसत्थो' अशी ती सुरू होते. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: बाबा, आता बिनघोर हिंड. ते कुत्रं मेलं. गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहानं आजच त्याला मारलं. वरवर बघितलं तर निरोप आनंदाचा आहे. पण कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला तिथं सिंह आहे म्हटल्यावर तो पुन्हा त्या झाडीकडं फिरकेल का? बाईची आणि तिच्या प्रियकराची भेटायची जागा तीच, आणि हा बाबा रोज तिथं घोटाळतो. तोंडानं 'हिंड' म्हणते, सांगायचं असतं 'येऊ नको'.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ध्वनीचा, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यानं उदाहरणाला ही गाथा घेतली. मग मम्मटानं घेतली. महिमभट्टानं तर ही व्यंजना, म्हणजे सुचवणं, नव्हेच, साधं अनुमान आहे, असा वाद घातला. कुठं काश्मीर, कुठं गोदेचा काठ. शतकानुशतकं मोठमोठे पंडित त्या बाईच्या एका वाक्यावर भांडत राहिले. आमच्या वर्गात अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती शिकवताना 'सूर्य अस्ताला गेला' हे उदाहरण दिलं होतं. गोदाकाठची ही बाई आमच्यापर्यंत आलीच नाही. विषय जरा आडवळणाचा आहे खरा, वर्गात सांगायला गुरुजींना अवघड गेलं असतं.

कथेचा धागाही पैठणलाच सापडतो. गुणाढ्याची बृहत्कथा हातात उरलेली नाही, पण तिची हकिकत अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे. ती आख्यायिका आहे, इतिहास म्हणून घेऊ नये. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्यानं दमलेली एक राणी म्हणाली, 'मोदकैः'. तिला म्हणायचं होतं 'मा उदकैः', पाणी नका मारू. राजाला त्या दोन शब्दांचा संधी कळला नाही. त्यानं मोदक आणवले! राणी हसली, राजा वरमला आणि व्याकरण शिकायला बसला. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडेन, असा पण गुणाढ्यानं केला आणि तो हरला. मग उरलेल्या पैशाची भाषेत, शाईऐवजी रक्तानं, त्यानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं ते नाकारले. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. सहा लाख श्लोक जळून गेले, एक लाख वाचले.

दहावीचं पोर ज्याला सभंग श्लेष म्हणेल तो, शब्द फोडून दुसरा अर्थ काढायचा, खेळ या गोष्टीच्या मुळाशी आहे. शिवाय कथानक, पात्रं, संघर्ष, कलाटणी, सगळं जागच्या जागी. गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक, ही रचना त्या परंपरेतून आली आणि घराघरातल्या कहाण्यांनी तिचं बिऱ्हाड आटोपशीर केलं. 'आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता.' दोन वाक्यांत स्थळ झालं, पात्र झालं. काळ मुद्दाम सांगितलेला नाही, म्हणजे तो कधीचाही होऊ शकतो. आजी शेवटाला साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण करायची, तेव्हा कथेचे घटक किती, असं आम्हाला कुणी विचारत नव्हतं.

ओवीची लेखी नोंदही जवळचीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 1129 मधल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, असं म्हटलंय. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्यापासून फार लांब नाही. म्हणजे ग्रंथात पोचण्याआधी ओवी उखळापाशी होती. पुढं ज्ञानेश्वरांनी, ज्यांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं, 1290 मध्ये नेवाशाला तीच साडेतीन चरणांची ओवी गीतेच्या अर्थासाठी वापरली. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण-कांडणच अभंगात आणलं.

अभंगाचा हिशोब शाळेत सांगतात तो असा: मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा, चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. आता वहीतलंच उदाहरण बोटावर मोजा. 'अमृताहुनि गोड' सात. 'नाम तुझे देवा' सहा. 'मन माझे केशवा' पुन्हा सात. 'का बा न घे' चार. देवा-केशवा यमक चोख, पण दोन चरणांत एकेक अक्षर वाढलेलं. टाळ-मृदंगावर ते अक्षर गिळलं जातं, कुणाला खटकत नाही. कागदावर मोजणाऱ्यालाच खटकतं. आमच्या वर्गात एकानं हे दाखवलं तेव्हा त्याला शाबासकीऐवजी छडी मिळाली होती.

दृष्टान्त या शब्दाची गंमत वेगळीच. अलंकाराच्या यादीत तो आहेच, पण महानुभाव पंथात दृष्टान्त हा स्वतंत्र साहित्यप्रकार झाला. चक्रधरस्वामींचा पैठणला मुक्काम होता, त्यांच्या आठवणी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्रात गद्यात लिहिल्या. केशिराजबासांनी स्वामींचे 114 दृष्टान्त वेगळे काढून दृष्टान्तपाठ बांधला. आधी सूत्र, मग छोटीशी गोष्ट, मग ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते ते. आंधळे हत्ती चाचपतात ती गोष्ट त्यात आहे. भाषा रोजच्या बोलण्यातली, वाक्यं आखूड. मराठी गद्याचा हा आरंभकाळ, आणि तो पल्लेदार वाक्यांचा मुळीच नाही, हे मला फार आवडतं.

रूपकाला मात्र लोकांत आणून नाचवलं ते एकनाथांनी (1533–1599). पैठणच्या या पंडितानं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत 1584 मध्ये तयार केली, आणि त्याच माणसानं जोशी, वासुदेव, गोंधळी, नवऱ्याला कंटाळलेली बाई अशी सोंगं भारुडात उभी केली. 'विंचू चावला' घ्या. पहिल्या ओळीत विंचू, पाठोपाठ कळतं की हा कामक्रोधाचा विंचू. पुढं उतारा सांगितलाय तोही तसाच: तमोगुण मागं सारायचा आणि अंगारा लावायचा सत्त्वगुणाचा. रोग, लक्षण, औषध, सगळं एकाच रूपकात शेवटपर्यंत चालवलेलं. उपमेय आणि उपमान एकरूप झाले की रूपक, ही व्याख्या मला वर्गात कळली नव्हती. गावच्या सप्ताहात भारूड करणारे बुवा 'अगगग' करीत जमिनीवर लोळले, पुढं बसलेली पोरं खिदळली आणि शेजारची म्हातारी गंभीरपणे मान हलवत राहिली, तेव्हा कळली. पोरांना विंचू दिसत होता, म्हातारीला दुसरंच काही.

अंबाजोगाईच्या दासोपंतांची सुमारे 40 फूट लांब कापडी पासोडी, त्यांचा सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव, हा सगळा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. अनुप्रासासाठी अठराव्या शतकातल्या औरंगाबादच्या अमृतरायांचे कटाव, म्हणजे भरधाव लयीच्या पद्यरचना, ऐकावेत, घोडदौडीसारखी अक्षरं धावतात. मराठीतली आरंभीची गझल म्हणूनही अभ्यासक त्यांच्याच एका रचनेकडं बोट दाखवतात. यात नवल नाही. त्याच शहरात 1667 मध्ये जन्मलेल्या वलीनं दख्खनी-उर्दू गझल दिल्लीपर्यंत गाजवली होती. मतला, काफिया, रदीफ हे गझलेच्या रचनेतले शब्द या गल्ल्यांना परके नव्हते.

याचा धागा थेट आमच्या घरापर्यंत येतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1918 च्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. आजोबा उर्दूतून मॅट्रिक झालेले. मी उपमा पाठ करायचो तेव्हा ते म्हणायचे, 'ही तर तश्बीह.' रूपक आलं की, 'हं, इस्तिआरा.' त्यांच्या डोक्यात लघुकथा म्हणजे अफसाना. पुण्या-मुंबईकडं छापखान्यांमुळं मराठी कादंबरी 1857 च्या यमुनापर्यटनापासून सुरू झाली आणि वाढली. इकडं मराठी शाळा, मासिकं, प्रकाशक यांचीच वानवा. त्या काळात परभणीत बी. रघुनाथ (1913–1953) निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी करता करता कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत होते. नवे साहित्यप्रकार इकडं उशिरा रुजले याचं कारण इथं सापडतं. लोकांना सांगता येत नव्हतं, असं नव्हे.

मग 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1967 मध्ये बालभारती, आणि वहीतलं ते तीन रकान्यांचं पान राज्यभर सारखं झालं.

त्या पानावर उपमेच्या खाली साधर्म्य दाखवणाऱ्या शब्दांची यादी असते: सम, समान, सारखा, जसे, परी, वाणी, गत. पोर ती यादी एका दमात म्हणते. शेवटच्या दोन शब्दांवर मी तिला थांबवलं आणि म्हटलं, आज्जी दिवसभरात हे किती वेळा बोलते ते मोज. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत नऊ भरले. त्यातला एक पोरीवरच होता: 'लाह्यावानी तडतड नको करू, जेव गपचिप.'