धीर देणाऱ्याचं मन कोण सांभाळणार?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मानेत मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेल्या माणसाचे हाल वेगळेच असतात. इजेच्या खालच्या भागात त्याला जवळजवळ घाम येत नाही, म्हणून अंग तापत जातं. मानेवर ओला दुपट्टा ठेवा, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली हाताशी असू द्या, हे डॉक्टरही सांगतात. पण वर्षानुवर्षं व्हीलचेअरवर उन्हाळे काढलेला कुणी सांगतो, तेव्हा ते पटतं. अशा अनुभवी सोबत्याला पिअर मेंटर म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. विदर्भाच्या ओळखीचा सिकलसेल हा रक्ताचा आजारही त्यात आहे. म्हणजे असे सोबती अनेक आजारांत लागतात.

अडचण अशी, की समोरच्याचं दुखणं त्यांचंही असतं. रात्री फोन येतो, "दादा, पाठीला जखम झाली." दादा झोपत नाही. 'मीच आधी विचारायला हवं होतं,' हे डोक्यात सुरू होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या मांडणीनुसार स्वतःला असं झोडपल्यानेही मेंदूतली धोक्याची यंत्रणा जागी होते.

मग सहानुभूती कमी करायची का? मेंदू-संशोधक तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत दुसऱ्याचं दुःख आपल्यात अनुभवायचा सराव केलेल्यांना त्रासदायक दृश्यं पाहून जास्त वाईट वाटलं. त्याच लोकांनी पुढे करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं चिंतण्याचा सराव केला, तेव्हा तो त्रास उतरला आणि आपुलकीची भावना वाढली. मेंदूचे वेगळे भाग कामाला लागलेले स्कॅनमध्येही दिसले.

हीच करुणा स्वतःकडे वळवायची. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिचे तीन भाग मांडले: त्रास होतोय हे ओळखणं, तो इतरांनाही होतो हे आठवणं आणि स्वतःशी मायेनं बोलणं. नागपुरी माणूस मनात म्हणेल, "लय जड जाऊन राहिलं. असं सगळ्यांलेच होते. जाऊ दे बापा, दमानं घे."

यानं माणूस ढिला पडतो, ही शंका हमखास येते. ब्राइन्स आणि चेन या संशोधकांच्या २०१२ च्या प्रयोगात मात्र अवघड परीक्षेनंतर स्वतःशी मायेनं वागायला सुचवलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

स्वतःशी मायेनं वागण्याच्या प्रशिक्षणात छातीवर हात ठेवायला सांगतात. स्पर्शानं मन शांत व्हावं, हा हेतू. पण ज्याचा हात उचलत नाही, ज्याच्या छातीला स्पर्श कळत नाही, त्याने काय करायचं? मानेतल्या इजेतही चेहऱ्याची संवेदना सहसा शाबूत असते. कुणी गालाला हात लावला, ओठांना कोमट चहा लागला, तरी चालतं. असले बदल प्रशिक्षकाला नाही, मेंटरलाच सुचतात. म्हणून प्रशिक्षणाचा आराखडा त्यांना सोबत घेऊनच करावा. आणखी एक: स्वतःशी माया करायला लागलं की काहींना जुनं दुखणं उफाळून येतं, रडू कोसळतं. अशा वेळी सराव थांबवला तरी चालतो.

मला खटकतं ते वेगळंच. मेंटरला ना मानधन, ना ऑटोचं भाडं, आणि वर 'स्वतःवर माया करा' असा उपदेश! रात्रीचे फोन आळीपाळीनं कोण घेणार आणि मेंटरनं स्वतः कुणाला फोन करायचा, हे संस्थेनं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावं.