तांबं घासून घासून त्याचा गुण जातो का?

गणपती जवळ आले की कोकणात माळ्यावरनं ताम्हण, पळी-पंचपात्र, समया, घंघाळं असं सगळं खाली येतं आणि चिंच नाहीतर आमसुलं घेऊन कोणीतरी ओटीवर घासत बसतं. तांबं जंतू मारतं हे तर आपल्याला पाठच आहे, मग वर्षानुवर्षं एवढं घासून तो गुण झिजत कसा नाही?

नाही झिजत, भांडं अख्खं तांब्याचं असेल तर. तांब्यावरनं सतत थोडे थोडे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, सुटत असतात, ते बॅक्टेरियाचं बाहेरचं आवरण फाडतात, आत घुसून डीएनएचे पण तुकडे करतात, आणि वरचा थर गेला तरी खाली तोच धातू, साबणाच्या वडीसारखं. चिंचेतली आंबट अॅसिडं फक्त वरचा काळा ऑक्साइड विरघळवतात. उलट घासलेलं बरंच म्हणायचं, कारण 1983 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात दारांच्या मुठींवरनं विषय निघून धातूंच्या पट्ट्यांवर जंतू टाकून बघितले तेव्हा पितळेवरचे (पितळ म्हणजे तांबं आणि जस्त) जंतू फार तर 7 तासात मेले, नुकत्याच घासलेल्या पितळेवरचे तासाभरात, आणि स्टेनलेस स्टीलवर 3 आठवड्यांनीही बहुतेक प्रकारचे जंतू जिवंत!

2008 मधे अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने तांब्याच्या मिश्रधातूंना '2 तासात 99.9 टक्के बॅक्टेरिया मारतात' असं सांगायची परवानगी दिली ती पण नुसता नवा कोरा पत्रा बघून नाही, पुन्हा पुन्हा घासून आणि पुन्हा पुन्हा जंतू टाकून बघितलं होतं. अट एकच, वर मेण, रंग, व्हार्निश काही नको.

खरी गोची इथेच आहे. घासण्यापेक्षा वर काय चिकटून राहतं ते जास्त नडतं. 2007 मधे मँचेस्टरच्या संशोधकांनी प्रोटीनची घाण आणि जंतू लावायचे, पुसायचे, परत लावायचे असं करून बघितलं तर स्टील साफ निघायचं आणि तांब्यावर मात्र थर साचत गेला, म्हणजे तांब्याला पुसापुशी कमी नाही, जरा जास्तच लागते, आणि फडकंही तेलकट नको.

आपल्याकडे खाऱ्या हवेने पितळी कडी-कोयंडे हिरवट पडतात, त्या हिरव्या थरातही तांबंच असतं, त्यामुळे कळकट दिसतंय म्हणजे मेलं असं नाही. ब्लीचने पुसलंत तर लगेच साध्या पाण्याने पुसून घ्या, क्लोरीन धातू खातं. होमस्टेवाले हल्ली चकाकी टिकावी म्हणून पितळी हँडल लॅकर (पारदर्शक लेप) मारलेली आणतात, दिसायला झकास, पण हात लागतो तो लॅकरला. कल्हईच्या पातेल्याचंही तेच, आत कथील असतं, आणि ते बरंच आहे कारण आंबट आमटी तांब्यात कळकते. नुसता पातळ कोट दिलेल्या वस्तूंची गोष्ट वेगळी, तिथे काथ्याने घासलंत की तांबं खरंच संपतं आणि खालचं स्टील नाहीतर प्लास्टिक वर येतं.