नवा मॉनिटर जोडताय? गेम लावण्याआधी हे वाचा

गेमिंग मॉनिटरच्या प्रत्येक खोक्यासोबत आम्ही हे पत्रक देतो. सांगली-मिरजेतूनच नाही, तर जत-आटपाडीहूनही ग्राहक कॅबिनेट गाडीवर बांधून आणतात आणि म्हणतात, "गेम अडकतोय, ग्राफिक्स कार्ड बदलून द्या." तपासलं की बऱ्याचदा कार्ड ठणठणीत निघतं, सेटिंग तेवढं चुकलेलं असतं. नव्या कार्डावर हजारो रुपये घालण्याआधी ते बघायलाच हवं.

सुरुवात विंडोजपासून करा. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घेतला तरी जोडल्यावर तो अनेकदा ६०वरच चालू होतो. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट (हाच चित्र बदलण्याचा वेग) १४४ करा. ६० हर्ट्‌झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ला ६.९ मिलिसेकंदांनी. माउस हलवताच फरक कळतो. यादीत ५९ किंवा ५९.९४ दिसलं तर घाबरू नका. अमेरिकेच्या रंगीत टीव्हीच्या १९५३च्या मानकातून आलेला तो आकडा आहे, बिघाड नाही.

यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल पाहा. कोणते रिझोल्यूशन (पडद्यावरच्या पिक्सेलची, म्हणजे चित्रबिंदूंची संख्या) आणि रिफ्रेश रेट चालतात हे मॉनिटर स्वतः संगणकाला कळवतो, पण मधली जोडणी तेवढी माहिती वाहून नेणारी हवी. एचडीएमआय १.४ या जुन्या प्रकारच्या जोडणीवर १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल) साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतच जातं. १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल) १४४ हर्ट्‌झला चालवायचं तर डिस्प्लेपोर्ट १.२ किंवा एचडीएमआय २.० लागतं. शक्य असेल तिथे डिस्प्लेपोर्टच वापरा, असा आमचा आग्रह आहे. आणि केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नाही, खाली ग्राफिक्स कार्डाच्या सॉकेटमध्ये लावली आहे ना, हे वाकून एकदा नीट बघा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये ही चूक फार वेळा दिसते.

आता गेमचं. 'फुलस्क्रीन' निवडलं की गेम स्वतःला हवा तो रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट मागतो. म्हणूनच विंडोजमध्ये १४४ असूनही काही जुने गेम परस्पर ६०वर जातात. अशा वेळी गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटचा वेगळा पर्याय शोधा. काही गेममध्ये तो रिझोल्यूशनच्या आकड्यालाच चिकटवलेला असतो. 'बॉर्डरलेस' (पडदाभर पसरलेली बिनचौकटीची विंडो) निवडलं तर गेम विंडोजच्या सेटिंगवर चालतो, त्यामुळे तिथे आधी विंडोजच नीट हवं.

काही जुन्या गेमचा वेग फ्रेमशी, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं त्याच्याशी, बांधलेला असतो. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये फ्रेम लिमिटर (फ्रेमवर मर्यादा घालणारं सेटिंग) बंद केला की सीजे या नायकाचं पोहणं मंदावतं. तिथे लिमिटर चालूच ठेवा.

रिझोल्यूशन शक्यतो मॉनिटरचं मूळ तेच ठेवा, नाहीतर चित्र पसरून धूसर होतं. १०८०पीमध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि ४केमध्ये (३८४०×२१६०) ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. कार्डावरचं ओझंही त्यामुळे बरंच चढतं. ते झेपत नसेल तर रिझोल्यूशनला हात न लावता 'रेंडर स्केल' (गेमचं दृश्य आतून किती पिक्सेलमध्ये काढायचं ते) कमी करा, किंवा गेममध्ये डीएलएसएस वा एफएसआर (लहान काढलेलं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) असेल तर ते लावा. मेनूतली अक्षरं, नकाशा वगैरे तसेच ठळक राहतात. बजेट मर्यादित असेल तर आम्ही ४के ६० हर्ट्‌झपेक्षा १०८०पी १४४ हर्ट्‌झचाच मॉनिटर सुचवतो, कारण मधल्या किमतीचं कार्ड तो चांगला पेलतं.

चित्र मधूनच आडवं फाटल्यासारखं दिसत असेल तर कार्डाचा वेग आणि मॉनिटरचा वेग जुळत नाहीये. व्ही-सिंकने (कार्डाला मॉनिटरच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) ते थांबतं, पण माउस किंचित मागे पडतो. फ्रीसिंक (मॉनिटरच कार्डाच्या वेगाशी जुळवून घेतो ती सोय) असेल तर तेच वापरा. बऱ्याच मॉनिटरवर ते आधी मॉनिटरच्याच बटणांवरच्या मेनूतून चालू करावं लागतं.

सेटिंग बदलल्यावर स्क्रीन काळी झाली किंवा 'आउट ऑफ रेंज' आलं, तर विंडोजमध्ये काही दाबू नका, १५ सेकंदांत जुनं सेटिंग परत येतं. गेममध्ये तसं होईलच असं नाही. तिथे ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबून गेम विंडोमध्ये आणा.

एवढं करूनही जमलं नाही तर कॅबिनेट उचलण्याआधी फोन करा. मॉनिटरच्या मागचा मॉडेल नंबर, केबल लावलेलं सॉकेट आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेची स्क्रीन, या तिन्हींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत तर बहुतेक वेळा फोनवरच काम होतं. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.