करुण रस

करुण रस : शोक हा स्थायी भाव, म्हणजे मनात मुळातच असलेली टिकाऊ भावना, असलेला रस (काव्य-नाट्यातून येणारा आस्वाद). भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथातील आठ रसांत त्याची गणना होते. हा ग्रंथ सामान्यतः इ. स. पू. 200 ते इ. स. 200 या दरम्यान सिद्ध झाला असावा, असे मानतात. त्यात करुणाचा वर्ण कपोत, म्हणजे पारव्यासारखा, आणि देवता यम सांगितली आहे. इष्टजनांचा वियोग, वैभवनाश, वध, बंधन हे त्याचे विभाव (कारणे), तर अश्रुपात, विलाप, मुखशोष हे अनुभाव (बाह्य चिन्हे) होत. पुनर्भेटीची आशा असेल तर विप्रलंभ शृंगार (विरहातील प्रेमाचा रस) आणि ती संपली असेल तर करुण, हा भेद भरतानेच केला आहे.

करुणाचे महत्त्व त्याच्या लक्षणांपेक्षा त्याने उभ्या केलेल्या प्रश्नात अधिक आहे. क्रौंच पक्ष्याच्या वधाने व्याकूळ झालेल्या वाल्मीकींचा शोक श्लोक झाला, ही कथा नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याच्या आत्म्याविषयीच्या विवेचनात आधारासाठी घेतली. त्या विवेचनावरील टीकेत अभिनवगुप्त (सु. 1000) बजावतो, की हा शोक मुनींचा स्वतःचा समजू नये, मुनी खरोखरच त्या दुःखाने दुःखी झाले असते, तर रसाला तेथे जागाच उरली नसती. क्रौंचाचा शोक मुनींच्या चित्तात आस्वादाचा विषय झाला, व्यक्तीचा उरला नाही, म्हणून तो छंदोबद्ध वाणीने बाहेर पडला. मनुष्य काव्य का रचतो याचे इतके नेमके उत्तर या परंपरेत क्वचितच आढळते. या मांडणीमागे भट्टनायकाची साधारणीकरणाची, म्हणजे भावना एका व्यक्तीची न उरता सर्वांची होण्याची, कल्पना आहे. भट्टनायकाच्या मताची इतर अंगे अभिनवगुप्ताने नाकारली, ही कल्पना मात्र राखली.

दुःखाचे दर्शन सुखद का वाटते, याविषयी मतभेद आहेत. करुणातून केवळ दुःखच मिळत असते, तर त्याकडे कोणी वळले नसते, असा विश्वनाथाचा (चौदावे शतक) युक्तिवाद आहे. त्यापूर्वी, बाराव्या शतकात, रामचंद्र व गुणचंद्र या जैन आचार्यांनी रस सुखदुःखात्मक असतो, असे म्हणून करुणाला दुःखात्मक रसांत घातले. प्रेक्षकाला जो आनंद होतो तो कवी आणि नट यांच्या कौशल्याचा, असे ते मानतात. प्रेक्षागृहातील खऱ्या अश्रूंची दखल घेणारे म्हणून हे मत अधिक लक्षणीय आहे. तथापि एकांतात वाचलेल्या काव्याला ते पुरेसे लागू पडत नाही, आणि तेथे साधारणीकरणाचाच आधार घ्यावा लागतो.

मराठीत न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’च्या कल्पनेने या प्रश्नाला नवे वळण दिले : वाचक पात्राशी तद्रूप होतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. रंगभूमीवर राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ (पहिला प्रयोग 1919) हे ठळक उदाहरण आहे. त्यातील मद्यपानाच्या दुष्परिणामांची चर्चा आज बरीचशी कालबद्ध वाटते. बालगंधर्वांनी रंगविलेल्या सिंधूचा, मद्यपी नायकाच्या पत्नीचा, शोक मात्र त्या घराची वाताहत प्रेक्षकाच्या घरापर्यंत नेतो.

लोकपरंपरेत जात्यावरच्या ओव्या या रसाच्या जवळ येतात. सासुरवास आणि माहेरची ओढ पहाटे दळताना गायिली जाई. गाणारी आणि ऐकणारी बहुधा त्याच घरातल्या, आणि एकीची ओवी दुसरीच्याही तोंडी बसलेली असे.